केमो संपली, रेडिएशन संपलं, मग हा थकवा का जात नाही? नागपुरात चार मैत्रिणींसोबत व्यायाम सुरू करायचा असेल तर

रेडिएशन संपून चार महिने झाले होते. रिपोर्ट चांगले होते, केस बोटभर वाढले होते, भेटायला येणारी माणसं "आता छान दिसता हं" म्हणत होती. आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती, कारण कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उभं राहवत नव्हतं. चौथ्या पोळीला लाटणं थांबायचं. दुपारी दोन तास झोपून उठलं तरी अंग तेवढंच जड. सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच सांगणं: "आराम कर बाई, किती सोसलं तू." मायेनंच बोलत होत्या सगळ्या. मी आराम करत गेले आणि दर महिन्याला आणखी थकत गेले.

आज जी बाई अशा खुर्चीवर बसून हे वाचते आहे, तिच्यासाठी हा लेख. आमचा सात-आठ बायकांचा गट दक्षिण नागपुरातल्या एका बागेत आठवड्यातून तीन सकाळी जमतो. सगळ्या स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या, दोघींचे उपचार अजून चालू आहेत. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवत होते. खाली जे वैद्यकीय आहे ते आमच्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून समजून घेतलेलं आहे. बाकीचं बागेत शिकलो.

हा थकवा वेगळा आहे

साधा थकवा झोपेनं उतरतो, हा उतरत नाही. केलेल्या कामाशी त्याचा हिशेब जुळत नाही. चार भांडी घासली की दिवसभर शेत निंदल्यासारखं वाटतं. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही, टीव्हीवरची मालिका बघायचाही कंटाळा येतो. केमोच्या काळात डोसनंतरचे पहिले काही दिवस तो जास्त असतो, मग थोडा ओसरतो, तोवर पुढचा डोस येतो. रेडिएशनमध्ये आठवड्यागणिक चढत जातो. उपचार संपल्यावर बहुतेकींचा हळूहळू कमी होतो, पण काहींचा महिनोन्‌महिने, क्वचित काही वर्षंही रेंगाळतो. त्यामुळे "सगळं संपलं तरी मी अशी का?" असं वाटत असेल तर तुम्ही आळशी झालेला नाहीत आणि नाटकही करत नाही आहात. या थकव्याला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आहे आणि त्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे.

कारणं अनेक. औषधं, शरीरातला दाह, कमी झालेलं रक्त, तुटक झोप, काळजी. पण त्यातला एक मोठा वाटा पडून राहण्यानं तयार होतो. स्नायू वापरले नाहीत की आटतात. आटलेल्या स्नायूंना जिना चढणं जड जातं. जड जातं म्हणून आपण जिना टाळतो, आणि ते आणखी आटतात. हे रहाटगाडगं आरामानं थांबत नाही, आरामानंच फिरत राहतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये कर्करोगाच्या थकव्यावरचे ११३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ११ हजारांहून अधिक रुग्ण होते. व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपचार, हे दोन्ही थकव्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडले. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. ज्या बाईला न्हाणीघरापर्यंत चालवत नाही तिला चालायला सांगायचं? हो. पण किती आणि कसं, यातच सगळं आहे.

सुरुवातीला रक्त तपासा

बागेत पहिलं पाऊल टाकण्याआधी डॉक्टरांकडे जा. थकवा येतो म्हटलं की "होतं असं" एवढ्यावर समाधान मानू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर यांबद्दल विचारा. आमच्यातली एक ताई तीन आठवडे स्वतःला बोल लावत होती, "माझं मनच कमजोर आहे" म्हणून. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. तिला त्या वेळी व्यायामाची नव्हे, रक्त वाढवण्याची गरज होती. आली ती पुढे दीड महिन्यानं.

झोप लागत नसेल, रात्री अंगातून वाफा निघत असतील (टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनवरच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांना हे चांगलंच ठाऊक आहे), किंवा दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, तर तेही स्पष्ट सांगा. उदासी आणि थकवा एकमेकींचा पदर धरून चालतात आणि उदासीवर उपचार आहेत.

मग फाइलच्या मागच्या पानावर हे प्रश्न लिहून न्या, कारण आत गेल्यावर निम्मे विसरतात. मला चालायला, वजन उचलायला परवानगी आहे का? हाडांची स्थिती काय आहे, कुठे हाडात आजार पसरलेला आहे का? (असेल तरी व्यायाम बंद होत नाही, पण वाकणं, वळणं, वजन घेणं यावर बंधनं येतात आणि ती फिजिओथेरपिस्टनं ठरवायची असतात.) ज्या केमोला बायका "लाल औषध" म्हणतात ती मिळाली असेल किंवा ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं चालू असतील तर हृदयाची इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) कधी झाली आणि काय निघालं? काखेतल्या किती ग्रंथी काढल्या? प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती आहेत? औषध द्यायला शिरेत बसवलेली नळी, म्हणजे पोर्ट किंवा पिक लाइन, असेल तर त्या बाजूचा हात किती हलवायचा?

तुमचे उपचार मानेवाडा रोडच्या तुकडोजी हॉस्पिटलमध्ये असोत, मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात), एम्समध्ये की जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांना "मला फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी द्या" असं तोंडानं मागा. मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही. एकदा तरी तज्ज्ञानं तुमचा खांदा किती उठतो हे बघून द्यायला हवं.

सोबतीणी कुठून आणायच्या

एकटीनं व्यायाम होत नाही असं नाही. पण हा थकवा सकाळी पावणेसहाला पांघरुणाबाहेर पाय काढू देत नाही, आणि त्या घटकेला निर्धार वगैरे कामाला येत नाही. फोन कामाला येतो. आमच्यातल्या एक काकू सहाला दहा कमी असताना फोन करतात आणि एवढंच विचारतात: "येऊन राहिली ना?" नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

दुसरंही एक कारण आहे. घरच्यांना आपला थकवा कळत नाही, कारण तो दिसत नाही. गटात सांगावा लागत नाही. "आज दहातले आठ" एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं.

स्कॉटलंडमध्ये उपचार चालू असलेल्या २०३ बायकांवर असा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांना बारा आठवडे गटात, प्रशिक्षकासोबत व्यायाम दिला, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. गटातल्या बायकांची चालण्याची क्षमता, खांद्याची हालचाल आणि मनःस्थिती सुधारली आणि त्यातला बराच फायदा सहा महिन्यांनंतरही टिकून होता.

सोबतीणी शोधायला ओपीडीच्या रांगेसारखी जागा नाही. तीन-तीन तास शेजारी बसतोच, तेव्हा "कुठं राहता?" एवढ्यावरून सुरुवात होते. मी अशीच पहिली मैत्रीण मिळवली. ती हुडकेश्वर रोडला राहत होती, माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर. चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाटहून उपचाराला आलेल्या आणि इथं नातेवाइकांकडे किंवा खोली घेऊन राहिलेल्या बायकांना विसरू नका. त्या सगळ्यात एकट्या असतात.

चार जणी पुरे. दोघी असल्या तर एकीच्या गैरहजेरीत दुसरी घरी बसते. दहाच्या वर गेल्या तर कुणाचा श्वास लागला हे लक्षात येत नाही. बाहेरच्या धडधाकट बायकांच्या योगा वर्गात किंवा झुंबात जाऊ नका, निदान सुरुवातीला. त्या वाईट नसतात, पण तिथला वेग त्यांचा असतो. तुम्ही मागे पडता, आणि तिसऱ्या दिवशी जाणं बंद होतं. मी हेच केलं होतं.

जागा आणि वेळ, म्हणजे नागपूरचं ऊन

पुण्या-मुंबईच्या बायकांना आठ वाजता फिरायला जाता येतं. आपल्याकडे एप्रिलपासून आठला डोळे मिटतात. मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत साडेपाचला सुरू आणि साडेसहाला बंद, हा आमचा नियम. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बाग पूर्ण बंद. पारा ४५ ला टेकतो तेव्हा रात्रीसुद्धा जमीन वाफा टाकत असते, आणि केमोनंतर शरीराला उष्णता सांभाळणं आधीच जड जातं. ते नऊ दिवस घरात, कूलरसमोर, व्हिडिओ कॉल लावून बाकावरचे व्यायाम करायचे. थंडीत उलट: डिसेंबर-जानेवारीत सातच्या आधी निघू नका. ज्यांची हाडं लेट्रोझोलनं आखडतात त्यांना गार हवेत सकाळी अजिबात हलवत नाही. घरात कोमट पाण्यात हात बुडवून, बोटं उघडमीट करून मगच निघायचं.

जागा बघताना पाच गोष्टी बघा: सपाट रस्ता, दर पन्नास-साठ पावलांवर बाक, सावली, पिण्याचं पाणी, उघडं असलेलं स्वच्छतागृह. शेवटच्या गोष्टीवर सगळं अडतं. फुटाळ्याचा काठ सुंदर आहे, पण सकाळी गर्दी आणि मोटारसायकली. अंबाझरीला चालायला छान, पण सगळ्यांना जवळ नाही. आपल्या वस्तीतली साधी बाग जवळ असते म्हणून चांगली. ज्या बागेला जायला ऑटो करावा लागतो तिथं दुसऱ्या महिन्यात कुणी जात नाही.

पावसाळ्यासाठी आधीच छप्पर ठरवा. देवळाचा सभामंडप, बुद्ध विहार, समाजभवन, कुणाच्या इमारतीचं पार्किंग. आम्हाला एका विहाराचं सभागृह मिळालं. फक्त झाडून ठेवायची अट होती. जुलैत फरशी ओली असते, आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमो घेतलेल्या बायकांच्या तळपायांना मुंग्या येतात, पाय नीट कुठं पडला हे कळत नाही. त्यांनी अनवाणी चालायचं नाही, हिरवळीवरसुद्धा. मागून पट्टा असलेली घट्ट चप्पल किंवा बूट.

कपड्यांबद्दल एक बोलते, कारण बायका विचारत नाहीत आणि त्यामुळेच येत नाहीत. एक स्तन काढलेला असेल तर चालताना ब्लाउजच्या आत भरलेलं कापड सरकतं, आणि लक्ष सगळं तिकडेच राहतं. ब्राच्या आतल्या बाजूला खिसा शिवून घ्या, त्यात घरी शिवलेली कापसाची गादी घाला. कोणताही ओळखीचा शिंपी करून देतो. आमच्या गटात दोघी काहीच न भरता ओढणी घेऊन येतात. कुणी बघत नाही.

पहिले दोन आठवडे: आकडा ठेवा, व्यायाम थोडा

एक साधी वही घ्या. रोज सकाळी शून्य ते दहा यांतला आकडा लिहा. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे उठवतच नाही. रात्री एका ओळीत दिवसभर काय केलं ते. दहा दिवसांत एक चित्र दिसायला लागतं. माझ्या वहीत दर बुधवारी आकडा चढायचा, कारण मंगळवारी मी आठवड्याचे कपडे एकदम धुवायचे.

आकड्याप्रमाणे वागायचं. आमच्या गटात असं ठरलेलं आहे: तीनपर्यंत असेल तर सगळा व्यायाम. चार ते सहा, तर चालणं निम्मं आणि वजनं हलकी. सात किंवा वर, तर फक्त यायचं, बाकावर बसून हात-पाय हलवायचे, पाच मिनिटं चालायचं आणि घरी. आकडा सलग आठवडाभर सातच्या खाली आला नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

चालण्याची सुरुवात पाच मिनिटांपासून. खरोखर पाच. बरं वाटलं तरी पहिल्या दिवशी पंधरा करायची नाहीत. दुसऱ्या दिवशी आकडा चढला नाही तर एक-दोन मिनिटं वाढवा. बाराव्या आठवड्याला तीस मिनिटांपर्यंत पोचलात तर उत्तम. पंधराव्याला पोचलात तरी काही बिघडत नाही.

सगळ्यात मोठी चूक बरं वाटणाऱ्या दिवशी होते. दिवाळीच्या आधी आमच्या एका मैत्रिणीला दोन दिवस एकदम हलकं वाटलं. तिनं एका दिवसात माळा उतरवला, डबे घासले आणि रात्री चकलीची भाजणी भाजली. पुढचे चार दिवस ती पलंगावर, आणि चकल्या जाऊबाईंनी केल्या. ताकद ही महिन्याच्या पगारासारखी वापरायची असते, पहिल्या तारखेलाच उधळली तर वीस तारखेला हात पसरावे लागतात.

एक सकाळ कशी असते

आल्यावर आधी बाकावर बसून प्रत्येकीनं आकडा सांगायचा. दोन मिनिटं. त्यावर चर्चा नाही.

मग अंग सैल करणं: मान हळू डावी-उजवी, खांदे पुढून मागे गोल, घोटे फिरवणं, जागच्या जागी पावलं. पाच मिनिटं.

मग चालणं. वेग ओळखायची सोपी खूण: शेजारणीशी बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. आमच्यातल्या एकीला तुकडोजी महाराजांची भजनं पाठ आहेत. ती चालता चालता भजन म्हणू शकली तर आम्ही तिला वेग वाढवायला सांगतो, आणि साधं वाक्य मध्येच तुटायला लागलं तर बाकावर बसवतो. थांबून थांबून चाललेलंही चालणंच असतं. दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी तीस मिनिटं होतात.

मग ताकदीचे व्यायाम, आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बहुतेक बायका हे टाळतात, आणि थकवा कमी करायला चालण्याच्या जोडीला हेच लागतं. बाकावरून हात न टेकता उठणं आणि सावकाश बसणं. भिंतीवर तळवे टेकून कोपर वाकवत जवळ जाणं आणि मागे येणं. भिंतीला धरून टाचा उचलणं. पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपरापासून वर-खाली. रबरी पट्टा झाडाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढणं. प्रत्येक प्रकार आधी सहा-आठ वेळा, एक फेरी. जमायला लागलं की बारा ते पंधरा वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत, पण तोंड वाकडं व्हायला नको. श्वास रोखू नका. मोठ्यानं आकडे मोजलं की श्वास आपोआप सुटतो.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये थकव्यासाठी जे प्रमाण सांगितलं ते याच्याच जवळचं आहे: आठवड्यातून तीनदा तीस मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम, त्याला दोनदा ताकदीच्या व्यायामाची जोड, आणि हे किमान बारा आठवडे. बारा आठवडे हा शब्द लक्षात ठेवा. तिसऱ्या आठवड्यात "काहीच फरक नाही" म्हणून सोडून जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

शेवटी पाच मिनिटं हळू चालून श्वास खाली आणायचा आणि खांद्याचा व्यायाम. बागेतल्या पंपघराच्या भिंतीसमोर उभं राहायचं, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताची दोन बोटं भिंतीवर मुंगीसारखी चढवत न्यायची, ताण बसला की थांबायचं. मी शाळेतल्या सवयीनं पर्समध्ये खडू ठेवते. जिथं बोट पोचलं तिथं खूण आणि नावाचं पहिलं अक्षर. एका काकूंची पहिली खूण त्यांच्या हनुवटीच्या उंचीला होती. दोन महिन्यांत ती कपाळाच्या वर गेली, आणि त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा स्वतः काढला.

ऑपरेशनच्या बाजूचा हात

"त्या हातानं काही उचलायचं नाही, आयुष्यभर" असं अनेकींना कुणीतरी सांगितलेलं असतं. मलाही सांगितलं होतं, आणि मी दोन वर्षं पिशवी दुसऱ्याच हातात धरली. काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे हात सुजण्याची भीती खरी आहे. पण २००९ मध्ये अमेरिकेत, हाताला सूज असलेल्याच १४१ बायकांवर अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला. हाताची सूज वाढली नाही. उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि ताकद वाढली. व्यायाम करताना त्या बायका दाब देणारी बाही घालत होत्या, हेही लक्षात ठेवा. सूज असेल तर मापाची बाही घेतल्याशिवाय वजनं सुरू करू नका.

सुरुवात रिकाम्या बाटलीनं. मग अर्धा लिटरची बाटली निम्मी भरून. मग पूर्ण, म्हणजे अर्धा किलो. दोन आठवड्यांच्या आत वजन वाढवायचं नाही. आठवडाभर खाडा झाला तर परत एक पायरी खाली.

तपासायला आमची बांगडीची युक्ती आहे. रोज रात्री त्या हातातली एकच बांगडी मनगटापासून कोपराकडे सरकवायची आणि ती कुठं अडते ते बघायचं. नेहमीपेक्षा खाली अडली, अंगठी घट्ट झाली, ब्लाउजची बाही रुतायला लागली किंवा हात जड वाटला, तर त्या हाताची वजनं थांबवायची आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

कधी थांबायचं

ताप १००.४ किंवा त्याच्या वर असेल तर व्यायाम नाही, आणि केमो चालू असेल तर तडक हॉस्पिटल गाठायचं. छातीत दुखणं, चक्कर, बसूनही न थांबणारा दम, धडधड, एका पायाची पोटरी सुजणं-दुखणं, हाडात नवीन दुखणं, विशेषतः रात्री वाढणारं: यांपैकी काहीही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. उलट्या-जुलाब झाले असतील तर त्या दिवशी पाणी, ताक, मीठ-साखर. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स खूप कमी आल्या असतील तर डॉक्टर म्हणतील तोपर्यंत फक्त हात-पाय हलवणं.

केमोच्या आठवड्यात बागेत यायचंच असा आग्रह नको. पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा गर्दीपासून लांबच राहिलेलं बरं. घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. फोन मात्र आम्ही करतोच.

गटाचे नियम

बाकावर बसणं म्हणजे हजेरी. हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम. ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवशी येऊन नुसती बसलेली बाई पुढच्या वेळी परत येते. घरी राहिलेली येत नाही. गट सगळ्यात थकलेल्या बाईच्या मापानं चालतो. जिला जास्त जमतं तिनं एक फेरी जादा मारावी, पण इतरांनी तिच्यामागं धावायचं नाही.

औषधांचे सल्ले बंद. कुणाच्या भाच्यानं सांगितलेला काढा, कुणाच्या गावचा वैद्य, गोळी बंद करून बघ: यातलं काहीही बागेत नाही. फार तर "तुझ्या डॉक्टरांना विचार" एवढंच.

आणि कुणाचा रिपोर्ट वाईट आला तर त्या दिवशी व्यायाम नाही, सगळ्या बसायचं. हे आम्ही दोनदा केलं आहे.

घरच्यांशी बोलताना

"घरात कामं करतेच की, मग वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न नवराही विचारतो आणि आपणही स्वतःला विचारतो. घरकामात वेग आपल्या हातात नसतो. डबा वेळेवर जायलाच हवा म्हणून थकल्यावरही उभं राहावं लागतं. व्यायामात थकण्याच्या आधी थांबता येतं आणि ठरवून थोडं थोडं वाढवता येतं. म्हणून घरच्यांना नेमकं काम सांगा: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळचा चहा आणि मुलांचा डबा तुम्ही बघायचा. "थोडी मदत करा" असं मोघम म्हटलं तर काही होत नाही. आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांनी पोहे करायला शिकून घेतले, वयाच्या ७१ व्या वर्षी.

बागेतून आल्यावर रिकाम्या पोटी राहू नका. उकडलेलं अंडं, मुगाचा डोसा, दही-पोहे, मूठभर फुटाणे, जे चालतं ते. स्नायू भरायला प्रथिनं लागतात. उन्हाळ्यात पन्हं किंवा ताक, लघवीचा रंग गडद राहणार नाही इतकं.

बारा आठवड्यांनी

पहिल्या दिवशी आणि बारा आठवड्यांनी एक मोजमाप करा: बाकावर बसून, हात छातीशी घडी घालून, तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं. माझे पहिल्या दिवशी सहा झाले होते, बारा आठवड्यांनी अकरा. वहीतला थकव्याचा आकडा सातवरून चारवर आला होता. शून्यावर तो आजही नाही. पण ती प्लॅस्टिकची खुर्ची गॅलरीत गेली, तिच्यावर आता तुळशीची कुंडी आहे.

बारा आठवड्यांनी मोजून झालं की थांबायचं नाही. वेळ आणि वार तेच ठेवायचे. दहाच्या वर बायका झाल्या की गट दोन करा आणि दुसरा गट दुसऱ्या वस्तीत न्या, जिकडून जास्त बायका येतात तिकडे. नव्या गटात पहिला महिनाभर जुन्यांपैकी दोघींनी जावं: एकीनं पुढं चालायचं, आणि दुसरीनं सगळ्यात मागच्या बाईसोबत.